धुराड्याभोवतीचे पाणी

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात लॉख कॉन नावाचे मोठे सरोवर आहे. तिथे ट्राउट आणि सामन धरायला येणारे हौशी गळकरी दुपारी होडी काठाला लावतात आणि चहा करतात. हे ऐकायला सोपे वाटते. पण त्या मुलखात पाऊस कधी येईल याचा नेम नसतो, वारा सरोवरावरून सरळ अंगावर येतो आणि काठावर कोरडे म्हणून जे काही मिळते त्या बोटभर काटक्या असतात. अशा ठिकाणी तीन दगड मांडून वर भांडे ठेवले तर जाळ वाऱ्याबरोबर वाहून जातो आणि पाणी कोमट होऊन राहते. केली घराण्याच्या सांगण्याप्रमाणे पॅट्रिक केली याने १८९० च्या दशकात या काठावर एक वेगळीच किटली पत्र्यातून घडवली. तिच्या पोटातून आरपार धुराडे जाते, जाळ त्या धुराड्यात असतो आणि पाणी त्याच्या भोवती, दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत. खाली एक बसकी बशी, तिला एका बाजूने भोक. भोक वाऱ्याकडे करायचे, बशीत काटक्या पेटवायच्या, वर किटली ठेवायची आणि पुढचे सरपण धुराड्याच्या तोंडातून आत सोडायचे. तापलेली हवा वर निघते, तिच्या जागी भोकातून गार हवा आत ओढली जाते, आणि जो वारा चुलीचा शत्रू असतो तोच इथे भात्याचे काम करतो. दीड लिटर पाणी पाचेक मिनिटांत उकळते.

ही किटली पहिल्यांदा कुणी काढली यावर इंग्रजी मुलखात पुष्कळ खल होतो. माझ्या मते तो वाद निष्फळ आहे, कारण पाण्याच्या मधोमध विस्तव ठेवण्याची युक्ती कुणा एकाची नाहीच. इसवी सनापूर्वी ८० साली अमेरियाच्या रॉशियसची बाजू मांडताना रोमन वक्ता सिसेरो याने विरोधकाच्या उधळपट्टीचा दाखला दिला, तो ऑथेप्सा नावाच्या पाणी तापवण्याच्या भांड्याचा. त्याची लिलावातली किंमत ऐकून रस्त्याने जाणाऱ्यांना वाटले की शेतजमीनच विकली जात आहे. पोटात विस्तव ठेवण्याची सोय असलेली रोमन भांडी पाँपेईच्या राखेखालून निघाली आहेत. रशियात तुला शहरी लिसित्सिन बंधूंनी १७७८ च्या सुमारास समोवाराचा कारखाना काढला; काश्मीरचा समावार आणि मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडचा समोवार हे त्याच कुळातले. आणि आपल्याकडचा तांब्याचा बंब? त्याचीही रचना तीच. तेव्हा मेयोच्या किनाऱ्यावर नवे काय घडले असेल तर ते धुराडे नव्हते. नवी गोष्ट होती हलकेपणा. जे भांडे शतकानुशतके एका जागी बसून होते ते उचलून पिशवीत टाकण्याजोगे झाले. आणि माझे म्हणणे असे की, या हलकेपणाची किंमत म्हणून भांड्याच्या अंगची सुरक्षितता निघून वापरणाऱ्याच्या हातात गेली. या किटलीबरोबर येणारे नियम आज सूचनापत्रकावर छापलेले असतात, पण ते कुणा सावध वकिलाने सुचवलेले नाहीत. जुन्या भांड्यांतून जे काढून टाकले त्याची ती भरपाई आहे.

हे पटायला बंब नीट पाहावा लागतो. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तीन पायांवर उभे असलेले हे पुरुषभर नव्हे पण कमरेएवढे धूड. दोन-तीन बादल्या पाणी मावेल असे. मधून धुराडे, खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. सरपण म्हणून वखारीतून आणलेला बंबफोड, नाहीतर करवंट्या, ढलप्या, कणसांची बुरकुंडे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत वसलेल्या या वस्तीत हातोडीने ठोकून भांडी घडवण्याचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले. ठोकलेल्या जाड तांब्याचा बंब रिकामा असतानाही एका माणसाला सहज हलत नाही, भरल्यावर तर प्रश्नच नाही. म्हणजे तो कलंडून कुणाच्या पायावर उकळते पाणी सांडण्याचा संभव मुळातच कमी. पाणी ओतायच्या तोंडावर झाकण असते ते नुसते ठेवलेले, आटे नसलेले; वाफ कोंडली तर ते आपोआप उचलले जाते. नळ बुडाला टेकलेला नसतो, थोडा वर असतो, त्यामुळे सगळे पाणी काढले असे वाटले तरी तळाशी काही उरतेच. आणि काही बंबांत तर याहून चतुर सोय असते. वरच्या नरसाळ्यात ओतलेले गार पाणी नळीवाटे थेट बुडाशी जाते, गरम पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि वरच्या अंगाला असलेल्या तोटीतून बाहेर पडते. जितके ओताल तितकेच मिळेल. अशा बंबातून पाणी घेणाऱ्याला, मग ते लहान मूल का असेना, बंब कोरडा करणे जमतच नाही. ज्या कारागिराने ही तोटी वर बसवली त्याने घरातल्या प्रत्येकाच्या विसराळूपणाचा आधीच हिशेब केला होता.

कोरडे पडण्याला एवढे भ्यायचे कारण धातूत आहे. असे भांडे म्हणजे पत्र्याची दोन नळकांडी एकमेकांत बसवून टोकांना जोडलेली. जुन्या कामात हा जोड डाखाचा, म्हणजे कथील आणि शिशाच्या मिश्रणाचा असे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे मिसळल्यावर त्याहून आधीच, १८३ अंशांपासून पाघळू लागते. लाकडाचा जाळ याच्या कितीतरी पट तापतो. मग रोज जाळावर राहूनही जोड टिकतो कसा? पाण्यामुळे. उघड्या भांड्यातले पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि पत्र्याला मिळालेली उष्णता ते सतत काढून घेते. म्हणून एका अंगाला जाळ असूनही पत्रा पाण्याच्या आसपासच्याच तापमानाला राहतो. पाणी संपले की हे कवच गेले, आणि मिनिटा-दोन मिनिटांत डाख थेंबाथेंबाने गळतो. तांब्याच्या आतल्या कल्हईचेही तेच. कल्हई म्हणजे कथीलच, कोरडे तापवले की ती एका जागी गोळा होऊन तांबे उघडे पडते. म्हणूनच आधी पाणी, मग निखारा हा क्रम तुलाच्या समोवाराला, श्रीनगरच्या समावाराला आणि आपल्या बंबाला सारखाच लागू आहे. या तीन मुलखांतल्या गृहिणींनी एकमेकींना विचारून तो ठरवलेला नाही. वितळबिंदू सगळीकडे एकच आहे.

आता हलकेपणाची दुसरी कथा, न्यूझीलंडची. जॉन अॅश्ली हार्ट याने १९२९ साली तिथे याच रचनेच्या ‘थर्मेट’चे पेटंट घेतले. वारा जितका जोरात तितके पाणी लवकर उकळते, असा त्याच्या जाहिरातीचा दावा होता, आणि जाहिरातींच्या मानाने तो बराच खरा होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा, १९३९ मध्ये, लष्कराने हार्टला पेटंटचा हक्क सोडायला सांगितले. त्याने तो सोडला आणि थर्मेट न्यूझीलंडच्या तुकड्यांच्या नेहमीच्या सामानात आला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्याला ‘बेंगाझी बॉयलर’ हे टोपणनाव पडले. त्याच वाळवंटात ब्रिटिश सैनिक चहासाठी काय करत हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे थर्मेटचे मोल कळते. चार गॅलनचे पातळ पत्र्याचे पेट्रोलचे डबे त्यांच्याकडे ढिगाने असत. एक डबा मधोमध कापायचा, त्यात वाळू भरायची, वाळूवर पेट्रोल ओतायचे आणि काडी लावायची. जाळ मंद झाला की आणखी पेट्रोल. ही चूल कुठेही होत असे, फुकट होत असे, आणि विझली आहे असे समजून तिच्यावर पेट्रोल ओतणाऱ्याच्या भुवया जाण्याची तीत पुरेपूर सोय होती. थर्मेटमध्ये जाळ निदान धुराड्यात बंद होता. तेव्हा हलक्या किटलीने धोका वाढवला असे सरसकट म्हणता येत नाही, हा आक्षेप इथे कुणी घेतला तर तो रास्त आहे. उघड्या जाळाशी तुलना केली तर ती सुरक्षितच ठरते. माझी तुलना तिच्या पूर्वजांशी आहे; बंब आणि समोवार जे स्वतः सांभाळत होते ते तिला सांभाळता येत नाही, एवढेच.

आणि यात सगळ्यांत मोठा बदल म्हणजे बूच. बंबाला बूच नसते, समोवाराला नसते. किटलीला ते आले कारण किटली प्रवासाला निघाली. झऱ्यावर भरून घेतलेले पाणी मुक्कामापर्यंत न सांडता न्यायचे, पिशवीत असताना आत कचरा जाऊ द्यायचा नाही, यासाठी तोटीच्या तोंडात एक बूच आणि ते हरवू नये म्हणून साखळी. सोय अगदी योग्य. पण तेच बूच लावून किटली विस्तवावर ठेवली तर दोन पत्र्यांच्या मधली जागा बंद टाकी होते. एक लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेत सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. तिला जायला वाट नसेल तर नशीब बरे असताना बूच बंदुकीच्या गोळीसारखे उडते आणि मागोमाग उकळत्या पाण्याचा फवारा येतो. नशीब वाईट असताना बूच घट्ट बसलेले असते आणि जोड फाटतो. अशा किटल्यांच्या पत्रकांवर ठळक अक्षरांत पहिली सूचना असते ती याबद्दल: जाळ लावण्यापूर्वी बूच काढा. त्याच कारणाने पाणी काठोकाठ भरायचे नाही, तोटीच्या खाली दोन बोटे जागा सोडायची. नाहीतर उकळी फुटताच पाणी भसकन बाहेर येते, ते नेमके कडी धरणाऱ्या हातावर.

यावर आजचा उत्पादक म्हणेल की हे सगळे जुन्या पत्र्याचे दुखणे आहे. आता किटल्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असतात, आणि शिट्टी वाजवणारे, वाफ जाऊ देणारे बूचही मिळते. यात तथ्य आहे. वितळजोड केलेल्या स्टीलला डाख गळण्याची भीती नाही. पण कोरडे तापवलेले स्टील वाकते, त्याचा जोड पुन्हा पुन्हा ताणला जाऊन चिरतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि भोकातून चांगला वारा लागलेल्या जाळाला तेवढे तापमान गाठणे अवघड नाही. शिट्टीचे बूच म्हणजे एका परीने बंबाच्या सैल झाकणाकडे परत जाणे आहे, आणि मला तो सुधारणेचा सगळ्यांत शहाणा भाग वाटतो. तरी शिट्टीचे भोक क्षाराने किंवा राखेने बुजू शकते, ते प्रत्येक वेळी तपासणार कोण? पुन्हा वापरणाराच. धातू सुधारला म्हणून जबाबदारी भांड्याकडे परत गेली नाही.

उलट बाजूचा आक्षेप अधिक जड आहे: बंब तरी कुठे निर्धोक होता? तापलेल्या धुराड्याला चिकटलेले लहान मुलांचे हात, न्हाणीघरात कोंडलेला धूर, डोळे चोळत पाणी काढणाऱ्या बायका, हे सारे खरे आहे. त्याहून वाईट म्हणजे न दिसणारा आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड. बंद न्हाणीघरात धुमसणारा विस्तव माणसाला गुंगी आणून मारू शकतो. गॅस गीझरच्या अपघातांच्या बातम्यांत आपण आजही हेच वाचतो. हे मान्य केलेच पाहिजे. बंबाने पाण्याचा आणि वाफेचा धोका स्वतःवर घेतला, धुराचा घेतला नाही. तो खिडकीवर आणि घर बांधणाऱ्यावर सोपवला. किटलीच्या बाबतीत मात्र हा धोका अनपेक्षित वाटेने येतो. ती उघड्या माळावर जन्मली म्हणून तिच्या धुराचा विचार कुणी करत नाही, आणि पाऊस आला की तंबूच्या तोंडाशी किंवा थेट आत नेऊन पेटवण्याचा मोह होतो. जाळ धुराड्यात बंद दिसतो म्हणून धूरही बंद आहे असे वाटते. तसे नसते. तंबूत ही किटली कधीही पेटवायची नाही, याला पावसाचा अपवाद नाही.

हातांचे काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण किटलीचे सगळे तंत्र तिथे आहे. पाणी उकळले की कडी दोन्ही हातांनी, दोन्ही टोकांना धरायची आणि आडवी, किटलीशी काटकोनात ठेवायची. कडी सरळ वर उभी केली की मुठी बरोबर धुराड्याच्या तोंडावर येतात आणि तिथून अजून ज्वाळा निघत असतात. तशीच आडव्या कडीने किटली सरळ उचलून बशीवरून बाजूला घ्यायची. मग एका हातात कडी आणि दुसऱ्या हाताने बुचाची साखळी. साखळीचे दुसरे टोक किटलीच्या बुडाजवळ अडकवलेले असते, ती ओढली की बूड वर येते आणि तोटीतून पाणी पडते. जी साखळी बूच हरवू नये म्हणून होती तीच ओतण्याचे साधन झाली आणि तापलेल्या पत्र्याला हात लावण्याची गरज उरली नाही. काटक्या वरून सोडताना तोंड धुराड्यावर न्यायचे नाही, बाजूने सोडायच्या. रॉकेल किंवा पेट्रोल शिंपडायचे नाही. ओढ एवढी जोरात असते की भडका सरळ वर येतो. आणि किटली उचलली की सगळ्यांचे लक्ष कपांकडे जाते, मागे बशीत लाल निखारे तसेच राहतात. रिकामी किटली सवयीने पुन्हा त्याच बशीवर ठेवली जाते, आणि कोरडी तापते, ती इथे.

निगा राखणे त्यामानाने थोडक्यात सांगता येते. धुराड्यातली काजळी खरवडायची गरज नाही. डांबरासारखा चिकट थर साचला तरच काढावा. आतल्या पोकळीत हात जात नाही, म्हणून खाऱ्या पाण्याचा क्षार साचू द्यायचा नाही: लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेले पाणी उकळून, थोडा वेळ ठेवून खळखळून टाकायचे. वापर झाल्यावर पाणी पूर्ण ओतून, बूच न लावता, उलटी ठेवून वाळवायची. बूच लावून ओली ठेवलेली किटली आठवड्यात कुबट होते. जुन्या तांब्याच्या थर्मेटबद्दल मात्र ठाम बोलले पाहिजे. जुन्या वस्तूंच्या बाजारात ते देखणे दिसतात आणि विकले जातात. पण जुना डाख म्हणजे बहुधा शिसे, आणि कल्हई गेलेले तांबे म्हणजे कळकणारे तांबे. असे भांडे फडताळात ठेवावे. पिण्याच्या पाण्यासाठी ते वापरायचे असेल तर शिसे नसलेल्या डाखाने पुन्हा जोडून आणि नवी कल्हई करून घेतल्यावरच.

शेवटी उरतो तो प्रश्न: गॅसच्या छोट्या शेगड्या असताना लाकूड जाळायचेच कशाला? काटकसरीचे उत्तर आहे. दीड लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता लागते. कागदावरच्या हिशेबाने कोरड्या लाकडाचे ३०-३५ ग्रॅम पुरतात. प्रत्यक्षात धुराड्यावाटे बरीच उष्णता निघून जाते आणि याच्या काही पट सरपण लागते, तरी ओंजळभर काटक्यांत काम भागते, झाड तोडावे लागत नाही आणि रिकामा डबा मागे राहत नाही. मेयोच्या ओल्या काठावर हे उत्तर पुरेसे आहे. सह्याद्रीत ते पुरे पडत नाही. आपल्याकडे भटकंतीचा मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि माघापासून डोंगरावरचे गवत वाळून सरपणच होऊन राहते. धुराड्यातून उडालेली एक ठिणगी किंवा बशीतून सांडलेला एक निखारा पुरतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या २६ व्या कलमाप्रमाणे वनाधिकाऱ्याने ठरवून दिलेला काळ सोडून राखीव जंगलात विस्तव पेटवणे, बाळगणे किंवा नेणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे ३० वे कलम अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवायला आणि पेटता सोडून जायलाही मनाई करते. म्हणून ज्यांनी ही किटली हौसेने आणली आहे त्यांनी ती आपल्या शेतात, अंगणात किंवा गावात, धन्याची परवानगी घेऊन, सारवलेल्या वा मोकळ्या मातीच्या जमिनीवर शेजारी पाण्याची बादली ठेवून पेटवावी. किल्ल्यावर जाताना चहा घरूनच थर्मासमधून न्यावा.